आडव्या गुडघ्याचा फोटो

मी एक एक्स-रे बोलतोय. डाव्या गुडघ्याचा. घरात मला सगळे 'फोटो' म्हणतात आणि ते काही चूक नाही. फरक एवढाच की माझ्यासाठी कुणी केस विंचरून, हसून बसत नाही. लोक घाबरत घाबरत येतात, मी त्यांच्या आत डोकावतो आणि त्यांना घाम फुटतो. दुसऱ्याच्या आत डोकावायची काही जणांना सवय असते. माझा तर जन्मच त्यासाठी. त्यामुळे चार गोष्टी मला जास्त ठाऊक असल्या, तर त्यात माझा काय दोष?

माझा जन्म झाला तो दवाखान्याच्या मागच्या बिनखिडकीच्या खोलीत. तिथे औषधाच्या दोन टाक्या, पाण्याची एक आणि कोपऱ्यात एक मिणमिणता लाल दिवा होता. एका टाकीतून दुसऱ्या टाकीत बुचकळून मला चिमट्याला टांगलं. पाणी निथळलं आणि माझ्या अंगावर मांडीचं हाड, नडगीचं हाड, वर वाटी, सगळं स्वच्छ उमटलं. एक्स-रे काढणारे भाऊ मला उजेडासमोर धरून म्हणाले, "झकास आलाय." जन्मल्या जन्मल्या कौतुक झालं की डोक्यात हवा जाते. माझ्याही गेली.

पण त्याआधीचं दहा मिनिटांचं सांगायलाच हवं. पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

ज्यांचा गुडघा, त्यांना सगळी गल्ली मापकाकू म्हणते. बाई शिवणकाम करतात. शर्ट, पँट, फ्रॉक, शाळेचे गणवेश, काय म्हणाल ते. वय अठ्ठावन्न. रस्त्यात कुणी भेटलं, तर आधी त्याच्या खांद्याकडे बघतात, मग तोंडाकडे. "वजन कमी झालं वाटतं, मागचा शर्ट लोंबतोय," असं म्हणून मग "कसे आहात?" म्हणून नाव पडलं मापकाकू. तीस वर्षं त्यांनी पायाच्या मशीनचं पायडल मारलं आणि जमिनीवर गुडघे टेकून कापड कापलं. गेले आठ महिने डावा गुडघा आतल्या बाजूने ठणकत होता. बसलं की बरं, उठलं की जीव जायचा.

नेहमीच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'गुडघ्याचा फोटो, उभ्याने.' अक्षर वाचता येण्याजोगं होतं, त्यामुळे ती सबब नको. भाऊंनी वाचलंही.

"काकू, त्या लाकडी पायरीवर चढून उभं राहायचंय. जमेल ना?"

"अहो भाऊ, उभं राहिलं की दुखतं म्हणून तर आले! फोटोला तरी आडवं होऊ द्या की."

भाऊ हसले. बाहेर बाकावर नऊ जण ताटकळत होते. बाईंच्या कपाळावर आठ्या पडलेल्या त्यांनाही दिसत होत्या. "बरं, पडा," म्हणाले. काकूंनी टेबलावर अंग टाकलं आणि त्यांना दुवा दिला. कुणाचाच हेतू वाईट नव्हता. खाकी पाकिटावर नाव आलं, तारीख आली, डावा गुडघा आला. 'झोपून काढला' एवढं मात्र कुणी लिहिलं नाही. चिठ्ठी भाऊंच्या खिळ्याला अडकवली गेली, ती तिथेच राहिली.

आता माझ्या अंगावर काय उमटलं ते ऐका. मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये एक काळी फट दिसते. ती रिकामी नसते. तिथे कुर्चा असते, हाडाच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण. ती माझ्यात उमटत नाही म्हणून तिची जागा तेवढी दिसते. फट चांगली असली की लोक म्हणतात, कुर्चा शाबूत. बाई आडव्या पडल्या होत्या. गुडघ्यावर भार नव्हता. हाडं आपली एकमेकांपासून सैलसर पडली होती. माझ्या अंगावर फट आली ती अशी भरघोस की वीस वर्षांच्या मुलीला दाखवावी.

हाडांच्या डॉक्टरांनी मला उजेडाच्या पाटीवर लावलं. गडी हुशार होता, पण घाईत होता. "फोटोवरून तरी फार झीज दिसत नाही," म्हणाले. "ऑपरेशन वगैरे काही नको. मांडीचे स्नायू बळकट करा, रोज व्यायाम. गोळी दुखेल तेव्हाच. थोडी विश्रांती घ्या."

सल्ला वाईट नव्हता. पण सल्ला डॉक्टरांच्या तोंडातून निघून घरापर्यंत पोचेतो त्यातलं काय गळतं आणि काय उरतं, हे मी पाकिटात पडल्या पडल्या पाहिलं. व्यायाम रस्त्यातच गळाला. उरली ती विश्रांती. ती काकांनी उचलून धरली.

काका म्हणजे मापकाकूंचे यजमान. पुस्तकबांधणीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. दोन वर्षांपूर्वी त्यांचं मनगट मोडलं होतं. हाड फारसं सरकलेलं नव्हतं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, सहा आठवडे ठेवलं, हात पहिल्यासारखा झाला. तेव्हापासून जगातल्या प्रत्येक हाडावर काकांकडे एकच औषध आहे. ते म्हणजे हलवायचं नाही.

"माझं मनगट बघ," ते पंजा फिरवून दाखवायचे. "चिरफाड काही नाही. नुसतं स्वस्थ ठेवलं. हाड आपलं आपण जुळतं."

"अहो, पण माझं मोडलंय कुठे?"

"मोडलं नाही तर आणखी लवकर बरं होईल!"

काकांनी मशीनवर लाकडी झाकण घातलं आणि झाकणावर जाड शब्दकोशांची चळत ठेवली. स्वतःच्या हाताने बांधलेले शब्दकोश, एकेक विटेसारखा. तीन आठवडे काकू पाय लांब करून बसल्या. चहा जागेवर, जेवण जागेवर. माणूस प्रेमाने किती नुकसान करू शकतो, त्याचं माप घ्यायला टेप पुरायची नाही. तीन आठवड्यांनी उठायला गेल्या तर गुडघा बिजागरीसारखा कुरकुरला आणि मांडी पार लुळी पडलेली. आधी जिना दुखत दुखत चढायच्या, आता कठड्याला धरून एकेक पायरी.

मग मला पाकिटातून काढायचे दिवस आले. जो येई तो मला मागे. खिडकीच्या उजेडाला धरून मान वाकडी करून बघे. समोरच्या वहिनी तर मला हक्काने काढायच्या. वहिनी मनाने लोण्यासारख्या, पण त्यांच्या नजरेतून शेजारच्या घरातली सुईसुद्धा सुटत नाही.

"हे पांढरं गोल काय हो?" त्यांनी एकदा विचारलं.

"ती वाटी," काका म्हणाले. "आणि तुम्ही उलटा धरलाय."

"उलटा असो नाहीतर सुलटा, हाडं कशी धडधाकट दिसतायत! आमच्या सासूबाईंचा फोटो बघितला असतात तर! खुब्याजवळ हाड कट्‌कन तुटलेलं. तिथे नव्हतं हो प्लास्टर चाललं. डॉक्टर म्हणाले, या वयात दोन-तीन महिने अंथरुणात ठेवलं तर छाती भरेल, पाठीला जखमा होतील. हाडाचं डोकं काढून नवा गोळा बसवला आणि दुसऱ्या दिवशी उभ्या केल्या. आज भाजीला जातात आणि माझ्यावर ओरडतात."

"ते मोडलेलं होतं," काका म्हणाले.

"मनगटही मोडलेलंच होतं की तुमचं! एकाला प्लास्टर आणि एकीला गोळा. सगळ्या हाडांना एकच औषध कसं चालेल?"

काकांनी मला त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि पाकिटात घातलं. वहिनी बरोबर बोलल्या की काका असंच काहीतरी करतात.

त्या रविवारी लेक आली. बँकेत काम करते, चटपटीत, आईवर जीव. मला उजेडाला धरून तिनेही फट बघितली, डॉक्टरांचा कागद वाचला. मग आईजवळ बसून हळूच म्हणाली, "आई, फोटोत तर काहीच नाही. तुला काम नकोसं झालंय का? तसं असेल तर सरळ सांग ना. तीस वर्षं केलंस, पुरे झालं. त्यासाठी दुखणं कशाला हवं?"

ती मायेने बोलली. म्हणूनच ते लागलं. मापकाकू भिंतीला धरून उठल्या, आत गेल्या. आतून नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला आणि भांडी तर सगळी आधीच घासलेली होती.

मी पाकिटात होतो. मला काय वाटलं म्हणाल, तर मला वाटण्याची सोय नाही. पण बाई खोटं बोलते असं ठरवायला तिच्याच घरात माझा पुरावा वापरला जात होता, एवढं मी पाहिलं. दुखण्याचं काकूंना एवढं नव्हतं. आपलं दुखणं कुणाला खरं वाटत नाही, हे त्यांना सोसवेना. पुढच्या आठवड्यात त्यांनी मशीनवरचे शब्दकोश एकेक करून खाली उतरवले. गिऱ्हाइकांना निरोप धाडला की मी बरी आहे, कपडे आणा. बऱ्या नव्हत्या. पायडलावर पाय ठेवला की ओठ दाताखाली धरायच्या. मशीन चार टाके चालायचं आणि थांबायचं.

पहिलं गिऱ्हाईक समोरच्या वहिनी. भाचीच्या लग्नासाठी ड्रेस शिवायचा होता. आल्या आणि स्टुलावर बसल्या.

"उभ्या राहा वहिनी, माप घेते."

"बसल्या बसल्या घ्या हो. सकाळपासून पायाचे तुकडे पडलेत."

"तसं नाही चालत."

"का नाही चालत? मी तीच, कंबर तीच."

"तुम्ही त्याच, पण कंबर ती नाही," मापकाकू गळ्यातली टेप काढत म्हणाल्या. तोंडात दोन टाचण्या होत्या, त्यामुळे शब्द दातांतून येत होते. "बसलं की घेर वेगळा, पाठ वेगळी, उंची तर विचारूच नका. बसून घेतलेल्या मापाचा कपडा बसलेल्यालाच होतो. अंगावर भार पडू दे, मग दिसतं खरं काय ते. तीस वर्षांत मी एक माप बसून..."

आणि थांबल्या. टेप तशीच हातात लोंबकळत राहिली.

"काय झालं?" वहिनी घाबरल्या. "टाचणी गिळलीत की काय?"

मापकाकूंनी दोन्ही टाचण्या तोंडातून काढून उशीला टोचल्या. मग फळीवरून माझं पाकीट काढलं, मला बाहेर ओढलं आणि खिडकीशी धरलं. इतके दिवस सगळ्यांनी मला बघितलं होतं. काकूंनी मात्र पहिल्यांदाच.

"वहिनी," त्या सावकाश म्हणाल्या, "माझ्या गुडघ्याचं माप झोपून घेतलंय."

ड्रेस राहिला बाजूला. अर्धा तास झाला नाही, तोच दोघी दवाखान्यात. भाऊंनी खिळ्यावरच्या चिठ्ठ्यांच्या चवडीतून तारीख शोधून जुनी चिठ्ठी काढली. तिच्यावर ठळक लिहिलेलं, 'उभ्याने.' भाऊंचा चेहरा उतरला. काकू म्हणाल्या, "तुम्ही नका वाईट वाटून घेऊ. मीच लाडात आले. आता चढते त्या पायरीवर, हात तेवढा द्या." वहिनींनी एका बाजूने धरलं, भाऊंनी दुसऱ्या. उभं राहून फोटो निघाला, तो माझा धाकटा भाऊ.

त्याला माझ्याशेजारी उजेडाच्या पाटीवर लावलं. तोच गुडघा, तीच बाई. बाहेरच्या बाजूला फट माझ्याइतकीच. आतल्या बाजूला मात्र हाडावर हाड टेकलेलं, मध्ये केसाइतकी रेघ. भार पडला आणि खरं काय ते दिसलं. मागोमाग येऊन पोचलेले काका पुढे झाले, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. "हे इतकं?" एवढंच म्हणाले.

या वेळी डॉक्टर दुसऱ्या होत्या. पिकल्या केसांच्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी आधी पाटीकडे बघितलंच नाही. काकूंना खोलीभर चालवून बघितलं, गुडघा वाकवून बघितला, आतल्या बाजूने दाबल्यावर कुठे कळ येते ते विचारलं. मग काकांचं मनगटाचं पुराण शांतपणे ऐकून घेतलं.

"मोडलेलं हाड जुळतं, कारण ते जिवंत असतं," त्या म्हणाल्या. "नीट बसवून धरून ठेवलं की आपलं काम आपण करतं. कधी प्लास्टरने धरायचं, कधी पट्टी आणि स्क्रूने, आणि खुब्यासारख्या जागी कधी तुकडाच बदलायचा. हे मोडलेलं नाही. ही झीज आहे. गेलेली कुर्चा स्वस्थ बसून परत येत नाही. उलट पाय न हलवल्याने स्नायू जातो आणि सगळा भार सांध्यावर येतो."

काकांनी मनगट दुसऱ्या हाताने झाकलं.

मग डॉक्टरबाईंनी एकेक उपाय सांगितला. व्यायाम, वजन थोडं कमी, गरजेपुरती गोळी. दुखणं कमी होतं, झीज भरून येत नाही. सांध्यात इंजेक्शन दिलं तर काही आठवडे, नशीब चांगलं तर काही महिने आराम. नडगीचं हाड थोडं कापून पायाची रेघ सरळ करायची, म्हणजे भार चांगल्या बाजूवर जातो. पण ते जास्त करून तरुणांसाठी, आणि कापलेलं हाड जुळायला महिने लागतात. झिजली तेवढी आतली बाजू बदलायची, म्हणजे अर्धा सांधा. नाहीतर पूर्ण सांधा.

मापकाकू ऐकत होत्या. बोटांनी मांडीवरच्या कापडाला चुण्या घालत होत्या.

"म्हणजे असं बघा," त्या म्हणाल्या. "पहिलं म्हणजे कपडा जपून वापरायचा. दुसरं म्हणजे टाचणी लावून वेळ मारून न्यायची. तिसरं म्हणजे उसवून शिवण सरळ करायची. चौथं म्हणजे विरलेल्या जागेपुरतं नवं कापड. आणि पाचवं म्हणजे नवाच कपडा."

डॉक्टरबाई पहिल्यांदा हसल्या. "इतकं सोपं करून मलाही कधी सांगता आलं नाही."

"बाहेरची बाजू चांगली आहे ना? मग चांगलं कापड का फेकायचं?"

"माझंही मत अर्ध्या सांध्याकडेच आहे. तुमची बाहेरची बाजू चांगली आहे, हाडं बांधून ठेवणाऱ्या आतल्या दोऱ्या मजबूत आहेत. पण पुढे दहा-पंधरा वर्षांनी पूर्ण सांधा बदलायची वेळ येऊ शकते. आणि घाई नाही. आधी सहा आठवडे व्यायाम मनापासून करा. तेवढ्यावर भागलं तर उत्तम. नाही भागलं तरी ऑपरेशनला तो स्नायू कामाला येतो."

"एकच विचारते. मशीनचं पायडल मारता येईल का?"

"बहुतेक येईल. छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण जमिनीवर गुडघे टेकून कापड कापणं, ते सोडावं लागेल असं धरून चला."

परत येताना रिक्षात काकू मांडी आवळून आवळून बघत होत्या आणि वहिनी मोजत होत्या.

सहा आठवडे काकूंनी व्यायाम केला. काका समोर घड्याळ घेऊन बसायचे आणि दहा म्हटलं की अकरा करायला लावायचे. जिना थोडा सोपा झाला, मांडी भरली, पण आतला ठणका हटला नाही. तेव्हा काकूंनीच दिवस ठरवला. लेक ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रजा काढून आली. आईसमोर उभी राहिली आणि "आई, मी त्या दिवशी..." एवढं म्हणून अडली.

मापकाकूंनी गळ्यातली टेप काढली. "सरळ उभी राहा बघू. तुझं माप जुनं झालंय." आणि खांद्यापासून माप घ्यायला लागल्या. लेकीचे डोळे भरून वाहत होते. काकू आकडे मोठ्याने म्हणत होत्या आणि एकही लिहून घेत नव्हत्या.

हे सगळं होऊन आता दीड वर्ष झालं. ऑपरेशन झालं. पहिले काही दिवस फार हालाचे गेले, हेही सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल सगळं गोडच. तीन महिन्यांनी पायडलावर पाय गेला. आता मशीन सलग चालतं, फक्त ढगाळ दिवशी गुडघा आपण तिथे आहोत याची आठवण करून देतो. जमिनीवरचं कटिंग सुटलं. त्याआधीच काकांनी कारखान्यातून निवृत्त होताना आणलेलं त्यांचं बांधणीचं टेबल माडीवरून खाली आणलं होतं. कुणाला हात लावू देत नसत त्याला. पायांखाली ठोकळे ठोकून ते काकूंच्या कोपरापर्यंत उंच केलं.

"तुमचं टेबल?" काकू म्हणाल्या.

"मला कुठे आता पुस्तकं बांधायचीत," काका ठोकळ्याकडे बघत म्हणाले. "उंची बघ. उभी राहून बघ."

आता उरलो मी. माझ्या धाकट्या भावाला नव्या पाकिटात मान मिळाला, ऑपरेशननंतरचे फोटोही त्याच्याच शेजारी गेले. मी रद्दीत निघालो होतो. काका म्हणाले, "टाक तो खोटारडा." काकूंनी मला हातात घेतलं, वाकवून बघितलं. "खोटं कुठे बोलला तो," म्हणाल्या. "त्याला जसं विचारलं तसं त्याने सांगितलं." आणि मोठी कात्री घेऊन त्यांनी मला कापलं. मी चिवट, दुमडत नाही, कडा झिजत नाहीत. आज मी शर्टाच्या खिशाचा साचा आहे. टेबलाच्या कडेला खिळ्यावर टांगलेला असतो. दिवसातून चार वेळा कापडावर ठेवतात, माझ्याभोवती खडू फिरवतात. वाटी कापली गेली, नडगी गेली. नेमकी ती काळी फट तेवढी मधोमध उरली आहे. अजून तशीच भरघोस.

माझ्या भावंडांपैकी कुणी उद्या तुमच्या घरी आलं, तर त्याला जरूर उजेडाला धरा. आमच्यावर विश्वास ठेवा, आम्ही दिसलं तेवढंच सांगतो. पण आधी ज्याचं हाड आहे त्याच्याकडे बघा. त्याला उभं राहू द्या, चार पावलं टाकू द्या, आणि तो दुखतं म्हणाला तर पहिल्यांदा ते खरं धरा.

बोलणं आवरतो. कुणीतरी शर्ट शिवायला आलंय, आणि येऊन स्टुलावर बसलंय. आता काकू त्याला उठवतील.